दोन रुपयांत जिवंत

सुरतेतली एक कापड गिरणी बंद पडली आणि मला पहिली नोकरी लागली. गिरणीचं सगळं विकून, देणी भागवून कंपनी मिटवून टाकायला एक गुजराती वकील नेमले होते. त्यांना लिक्विडेटर म्हणत. मी त्यांची टायपिस्ट. मॅट्रिक झालेल्या मुली पुष्कळ होत्या. मला घेतलं ते माझ्या अहिराणीसाठी. कारण गिरणीचे कितीतरी शेअरहोल्डर आमच्या खानदेशातले विणकर होते. एका दिवाळीला मालकाने बोनसाऐवजी शेअरचे कागद हातावर ठेवले होते. लोकांनी ते पेटीच्या तळाशी घातले आणि मालकाला पोटभर शिव्या दिल्या.

आता सगळ्यांचं देऊनही पैसे उरले होते. ते शेअरवाल्यांना वाटायचे, तर शेअरवाले सापडेनात. इंग्रजी पत्रं गेली तशी परत आली. ठरलेल्या तारखेनंतर उरलेली रक्कम सरकारी खात्यात जाणार होती, आणि तिथून पैसा काढायचा म्हणजे जन्म गेला असता. साहेब म्हणाले, "बेन, तुम्हीच चाळीत जाऊन या."

गेले. पहिल्या खोलीतली बाई नवऱ्याचं नाव ऐकताच म्हणाली, "त्या मरी ग्यात." दुसरीतही मेलेले. तिसऱ्या खोलीतला मयत मोरीत अंघोळ करताना खोकत होता. संध्याकाळपर्यंत सतरा माणसं मेली. त्यांतला एक लांबचा काका तर आदल्या रविवारी आमच्याकडे तीन मांडे हाणून गेला होता! यादी पाहून साहेबांनी चष्मा काढला. "बेन, आ चाली छे के स्मशान?"

माझं डोकं फिरलं. तशीच काकाकडे गेले आणि त्याला पलंगाखालून बाहेर ओढला. तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे चौघांनी मिळून विहीर खणली आणि ती कोरडी निघाली, तरी खोदाईचा वाटा चौघांनाही चुकत नाही. कंपनीत आपला वाटा, कंपनी बुडाली, म्हणजे आता वसुलीला माणूस येणार, हे चाळीने कधीच ताडलं होतं. मी म्हणजे ती वसुली.

काकाला दंडाला धरून कचेरीत नेला. चारशे रुपयांचा चेक घेऊन तो परतला आणि दुसऱ्या दिवशी सगळी चाळ पुनर्जन्म घेऊन आमच्या जिन्यात उभी. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला गेलेलेसुद्धा हातांना रंग तसाच ठेवून आले. पण यादीत "मयत" लागलं होतं. साहेब शिस्तीचे, म्हणाले, प्रत्येकाने दोन रुपयांच्या स्टॅम्पावर जिवंत असल्याचं लिहून द्यावं. दोन दिवस मी एकच वाक्य टाइप केलं. "माले जित्ता लिखा ताई, बायको घरमां वाट पाही ऱ्हायनी," असं एकेक जण विनवत होता, आणि मी मेल्यांनो म्हणून ओरडत होते.

त्या रांगेत शेवटी एक बाई होती. तिच्या नवऱ्याच्या नावावर शेअर होते. नऊ वर्षांपूर्वी तो घरातून निघून गेला तो गेलाच. मूलबाळ नाही. चाळीतली ती एकटीच बाई, जिने मला पहिल्या दिवशी "त्या जित्ता शेतस" असं ठणकावलं होतं.

साहेबांनी समजुतीने सांगितलं. सात वर्षं खबर नसेल तर माणूस गेला असं धरता येतं. तिने तसं लिहून द्यावं, दोन जामीन आणावेत, पैसे तिला मिळतील. ती कपाळाला हात लावून बसली. कुंकू रुपयाएवढं. तिला पैसे हवेच होते, कारण चाळ एका व्यापाऱ्याने विकत घेतली होती आणि खोली ठेवायची तर अनामत भरायची होती. खोली गेली असती तर भावाच्या दारात जावं लागलं असतं.

"मंग त्या परत येतीन तवय माले कोठे धुंडतीन?" ती म्हणाली. नवऱ्यासाठी दार उघडं ठेवायचं तर आधी त्याला मारायला हवा होता.

तारखेला तीन दिवस उरले असताना ती परत आली. सोबत दोन जामीन. एक माझा काका.

"ह्या मरेल माणसे दोन रुपयामां जित्ता व्हयनात," ती मला म्हणाली. "मंग त्यासले बी कागदवर मारी टाका. त्या परत येतीन तवय जित्ता करी लिसूत."

काकाने मान खाली घातली. मी टाइप केलं. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही. मी वाचलं, तिने मान हलवली आणि अंगठा उठवला. साहेबांनी एकदा तिच्या कुंकवाकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि काही न विचारता सही केली. मला तेव्हा साहेब फार आवडले.

जाताना तिने कनवटीची दोन रुपयांची नोट माझ्या टेबलावर ठेवली. "त्यासना जित्ता कागदना पैसा आत्तेच ठेवी ल्या. त्या येतीन तवय मनाकडे ऱ्हातीन का नहीत!"

तिने अनामत भरली आणि शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिली. नोट अजून माझ्याकडे आहे. तो एक कागद तेवढा टाइप करायचा राहिला.