बाटली नको, शाल हवी

माझा दादा चौतीस वर्षांचा आहे. कानशिलावरचे केस पांढरे झालेत, दाढी तो स्वतः करतो, आणि लातूरच्या एका कार्यशाळेत बरीच वर्षं कागदी पिशव्या बनवतो. त्याची वाढ सावकाश होणार, असं डॉक्टरांनी तो लहान असतानाच सांगितलं होतं. त्याचे शब्द जड येतात, मध्येच अडतात. पण ऐकणाऱ्याने दम धरला तर सगळं कळतं. दम कुणी धरत नाही. लोक त्याचं अर्धं वाक्य ऐकतात आणि माझ्याकडे बघतात. "काय म्हणतोय गं?"

मी शाळेत जायच्या आधीपासून हे सांगत आले आहे. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मी कायम शेवटच्या बाकावर होते, बाईंनी नाव घेतलं तरी मान खाली घालून बसायचे. दादाच्या वतीने बोलताना मात्र आवाज फुटायचा.

गेल्या उन्हाळ्यात रेणापूरला चुलत बहिणीचं लग्न होतं. मांडवात आहेराच्या वेळी काका पुरुषांना ओळीने टॉवेल-टोपी देत आले. दादाची पाळी आली तेव्हा टोपी त्याच्या पलीकडे बसलेल्या, अजून मिसरूडही न फुटलेल्या भाच्याच्या डोक्यावर गेली आणि दादाच्या हातात चॉकलेट आलं. दादाने ते परत दिलं.

"रुसला काय रं?" काका हसले.

तो रुसला नव्हता. तो त्या टोपीकडे बघत होता.

कार्यशाळेत दर शनिवारी बैठक असते. त्यात फक्त दादासारखे काम करणारे बसतात, कार्यशाळा चालवणाऱ्या मॅडम बाहेर. सुरुवातीला सगळ्यांना ते गमतीचं वाटलं. मग बैठकीतून एकेक ठराव बाहेर यायला लागले. गाल ओढायचे नाहीत. आत माणूस असताना संडासाचं दार ढकलायचं नाही. यंदा वार्षिक कार्यक्रमाच्या तोंडावर नवा ठराव आला: बाटल्या घ्यायच्या नाहीत. दर वर्षी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रत्येकाला कार्टूनची चित्रं असलेली पाण्याची बाटली मिळते. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांची रांग आहे. पाहुण्यांना जे देता तेच आम्हाला द्या, असं बैठकीचं म्हणणं होतं. शाल आणि नारळ. मॅडम "बघू" म्हणाल्या, आणि बाटल्यांचा खोका आलाच.

सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं होतं. इंग्लिश मीडियमची आहे म्हणजे धीट असेल, असा मॅडमचा समज. नांदेडला माझी नोकरी आहे. आदल्या दिवशी एसटीने आले. संध्याकाळी दादाने मला गच्चीवर नेलं.

"उद्या तू न्हाई बोलायचं. मी बोलनार."

"आणि त्यांना कळलं नाही तर?"

"परत बोलनार."

कार्यक्रमात पाहुण्यांना फेटा बांधला, शाल-नारळ दिला. त्यांनी भाषणात या निरागस लेकरांना देवाघरची फुलं म्हटलं. फुलांमध्ये चाळिशी ओलांडलेली अक्काही होती, बैठकीतली सगळ्यांत तोंडाळ बाई. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं.

बाटलीसाठी पहिला पुकारा दादाचा होता.

"ये बाळा," पाहुणे म्हणाले.

दादाने बाटलीला हात लावला नाही. माझ्या हातातला माइक घेतला. "बाटली नको. लेकरं न्हाई आमी. शाल पायजे. नारळ पायजे."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय तो?"

पहिल्या रांगेतून पप्पांनीही मानेने खुणावलं, सांग की. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. दादा माझ्याकडे बघत होता.

"त्यांनाच विचारा, सर," मी म्हणाले. माइक माझ्याकडे नव्हता, त्यामुळे हे फार लोकांना ऐकू गेलं नसावं. 

दादा परत बोलला. पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"कान द्या की सायेब जरा!" मागून अक्का ओरडली.

तिसऱ्यांदा त्यांना कळलं. ते हसले, अंगावरची शाल काढली आणि दादाच्या खांद्यावर घातली. टाळ्या. सगळ्यांचे मोबाइल वर. मलाही वाटलं, झालं.

दादाने शाल काढली, नीट घडी घातली आणि परत दिली. "ही तुमची. आमची आना."

टाळ्या थांबल्या. पप्पा उभे राहिले. "बस कर की आता! लई शाना झालास."

"हाव," दादा माइकमधूनच म्हणाला, आणि स्टेजवर मांडी घालून बसला. त्याच्यामागून अक्का, मग बाकीचे.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "अहो, समजवा ना त्याला. पुढच्या वर्षी कोण येईल आपल्याकडे?"

"मला नाही समजवायचं," मी म्हणाले. एवढं सरळ वाक्य मी मोठ्या माणसाला क्वचितच बोलले असेन.

शेवटी पाहुण्यांनी आपल्या ड्रायव्हरला गंजगोलाईच्या बाजारात शाली आणायला पिटाळलं. तोवर करणार काय? त्यांनी घड्याळ बघितलं, फेटा सारखा केला, शेवटी दादाला विचारलं, "तू... तुम्ही काय काम करता इथे?"

दादा सांगायला लागला. कागद कसा दुमडायचा, खळ किती लावायची. नाडी ओवताना भोक फाटतं, म्हणून आधी आतून पट्टी. पाहुण्यांची नजर सवयीने माझ्याकडे वळली. मी माइकची वायर गुंडाळत बसले. मग त्यांना परत तिकडेच वळावं लागलं.

"पुन्हा सांगा. पट्टी कुठे?"

दादाने पुन्हा सांगितलं. हवेत पिशवी करून दाखवली.

ड्रायव्हर शालींचा गठ्ठा घेऊन आला. दादा उठला, मान वाकवली. पाहुण्यांनी शाल घातली, हात जोडले. दादानेही जोडले. पण जागचा हलला नाही.

"नारळ?"

पाहुण्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरने मॅडमकडे, मॅडमनी माझ्याकडे. मी दादाकडे पाहिलं.

"नारळ ऱ्हायला," दादा म्हणाला. "आना. थांबतो आमी."

ड्रायव्हर चावी घेऊन परत निघाला. आम्ही थांबलो.