पंधरा दिवसांची मंजुरी

तांडेलबाईंनी कुठल्याच रुग्णाला पहिला प्रश्न आजाराचा विचारला नाही. समोरचा माणूस बाकावर नीट टेकायच्या आत त्या विचारत, "पुढचे पंधरा दिवस कुठे असणार?" डहाणूच्या धर्मादाय रुग्णालयात मी २०१४ साली औषधनिर्माता म्हणून लागलो, तेव्हा मला वाटलं, बाईंना लोकांच्या घरात डोकावायची खोड आहे.

खोड नव्हती. सरकारी आरोग्य योजनेतून महागडं औषध द्यायचं तर आधी संगणकावरून मंजुरी मागावी लागे, आणि मंजुरी आल्यापासून पंधरा दिवसांत औषध दिलं नाही तर ती रद्द होई. कर्करोगाचे डॉक्टर मुंबईहून फक्त गुरुवारी येत. आणि तलासरीकडची माणसं भात झोडून झालं की वापीपलीकडे वीटभट्ट्यांवर जात. मंजुरी, डॉक्टर आणि रुग्ण या तिघांना एका दिवशी एका खोलीत आणणं, हे बाईंचं काम, तेही कंत्राटावर. "मंजुरी म्हणजे ओला बोंबील, चुरीभाऊ," त्या मला म्हणत. "गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय टोपलीतनं काढायचा नाही."

बाई नरपडच्या. टमटमने येत, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. एकाशी गुजरातीत, दुसऱ्याशी वारलीत, डॉक्टरांशी पुस्तकी मराठीत बोलत, आणि तिन्ही भाषांत सारख्याच चिडत. कुणी 'पेशंट पळाला' म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. "पळायला तो काय कोंबडा आहे? पोटामागे गेलाय. कधी येणार ते विचारलंत का?" आम्ही विचारलेलं नसे. मग सगळे खाली मान घालून आपापल्या कामाला लागत.

लक्षी ही तलासरीजवळच्या पाड्यावरची, चाळिशीची बाई. छातीचा कर्करोग. सलाईनमधून द्यायच्या औषधाचे सहा डोस, दर तीन आठवड्यांनी एक. तिसरा झाला आणि ती नवऱ्यासोबत भट्टीवर निघाली. काम होत नव्हतं, पण घरी एकटी तरी कशी राहणार? "चौथ्याच्या गुरुवारी येईन," असं ती बाईंना सांगून गेली. तिच्या नावापुढे आधीच्या रुग्णालयातला 'रुग्ण आला नाही' असा एक शेरा होता. दुसरा पडला की प्रकरण बंद, हा योजनेचा नियम. म्हणजे उरलेले तीन डोस गेलेच.

त्याच आठवड्यात बाई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या आणि टेबल माझ्याकडे आलं. ड्रॉवरमध्ये लक्षीचा अर्ज तयार दिसला. मला वाटलं, घाईत पाठवायचा राहिला. कोपऱ्यात पेन्सिलीने कधी पाठवायचा ती तारीख लिहिलेली होती, ती मी पाहिलीच नाही. अर्ज पाठवला. दोन दिवसांत मंजुरी आली आणि मी स्वतःवर फार खूश झालो.

ठरल्या गुरुवारी लक्षी सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन बाकावर बसली. मंजुरी चार दिवसांपूर्वीच संपली होती. रजेवरून परतलेल्या बाईंनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नवीन मंजुरीसाठी जुनी का वाया गेली याचं कारण निवडायचं होतं. व्यवस्थापक म्हणाले, "'रुग्ण आला नाही' टाका. ते टाकलं की आपल्याला कुणी काही विचारत नाही. बाकी काही लिहिलंत तर चौकशी लागेल."

"रुग्ण समोर बसलीय, साहेब," बाई म्हणाल्या. "ती आली नाही असं मी लिहू?"

त्यांनी 'इतर' निवडलं आणि लिहिलं: 'अर्ज चुकीच्या वेळी पाठवला. चूक कार्यालयाची. रुग्ण ठरलेल्या दिवशी हजर आहे.' खाली स्वतःचं नाव घातलं. मी शेजारीच उभा होतो. 'बाई, माझं नाव टाका' एवढंच म्हणायचं होतं. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी म्हणालो नाही.

दिवसभर त्या मंजुरीच्या कचेरीत फोन करत राहिल्या. डॉक्टर परतीची गाडी सोडून थांबले. चारच्या सुमारास मंजुरी आली आणि लक्षीला डोस चढला. पुढचे दोनही वेळेवर झाले.

बाईंचं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही. पत्रात कारण होतं: अर्ज पाठवण्यात हलगर्जी, स्वतःच्या लेखी कबुलीनुसार. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला टेबल नीट समजावून दिलं, कोण कुठल्या भट्टीवर आहे ते सांगितलं. मी कसंबसं म्हटलं, "बाई, माझ्यामुळे..." त्यांनी मला थांबवलं. "तिला औषध मिळालं ना? मग झालं." त्या मोठ्या मनाने बोलल्या, आणि मी ते सोयीने मान्य केलं. याची लाज मला आजही आहे.

२०१९ मध्ये बाई गेल्या. किडनीचं दुखणं होतं. बाराव्याला मी नरपडला गेलो, तर ओट्याखाली लक्षी बसलेली. केस पुन्हा दाट झालेले, दोन गाड्या बदलून आली होती. मला पाहून शेजारी सरकली.

"बाईची चूक झाली म्हणून काडला ना तिला?" तिने विचारलं. "माना नाय पटं. ती तं चुकनारी नव्हती."

"नव्हतीच," मी म्हणालो. "तो अर्ज मी पाठवला होता. चूक माझी होती." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं होतं.

लक्षी रागावली नाही.

"मंग तवाच का नाय सांगला?" ती म्हणाली.