घरात माणसं किती?

बँकेने म्हातारीला फसवलं. फॉर्म मात्र माझ्या अक्षरातला होता, म्हणून हे मी लिहितोय.

ती जवळच्या कापडे गावची. पोलादपुरात माझं ताडपत्रीचं आणि पत्र्यांचं दुकान आहे. लाकडं झाकायला ताडपत्री हवी म्हणून ती दर वर्षी पावसाआधी यायची. दारात चप्पल काढून पत्र्यांच्या थप्पीवर बसायची आणि भाव ऐकायच्या आधीच म्हणायची, "जास्त सांगतोस रे शेट."

मी डोक्यावर पत्रे वाहून दुकान उभं केलंय. भावात मला कोणी वाकवत नाही. ही वाकवायची, तासभर बसून. एकदा चिडून मी ताडपत्री तिच्या पुढ्यात फेकली. "फुकट ने गो आजी, पण ऊठ!"

ती हलली नाही. "फुकट नको. बोल की अजून जरा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मुलगा-सून मुंबईला आणि घरात एकाच ताटाचा आवाज.

मग बँकेने केवायसीचा फॉर्म दिला. तो घेऊन ती माझ्याकडे आली. "लिव रे."

घरात माणसं किती? "एक लिव." उत्पन्न कशाचं? "भात. नि पोरगा गणपतीला धाडतो ते."

"सगळं कशाला सांगतेस?"

"कोणीतरी इचारतंय ना! इचारतंय तर सांगावं."

जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. आधार कार्डावर कोणीतरी ठोकून दिलेली एक जानेवारी होती, तीच टाकली. दुसरा फोन नंबर माझा दिला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात काहीतरी होतं, त्यापुढच्या चौकटीत मी न वाचता खूण केली. पत्र्याचं बिल मी दोनदा वाचतो.

एक जानेवारीला ती डबा घेऊन आली. तांदळाची खीर. "बँकेतल्या पोरीचा फोन आला. वाढदिस हाय बोलली माजा." तिच्या जन्मातला पहिला वाढदिवस. मी खीर खाल्ली, तारखेचं काही बोललो नाही.

मग पोर रोज फोन करू लागली. "आई, जेवलात का? एकट्याच ना?" म्हातारी कौतुकाने सांगायची, "मी एकटी जेवते ते बी ठावं हाय तिला." बाजाराला आली की आता ती दुकानात टेकत नसे. "जाते रे शेट, पोरीचा फोन यायचा हाय." खोटं कशाला बोलू, मला राग यायचा.

एक दिवस पोर म्हणाली, आई, फोनवर आलेला आकडा सांगा आणि हो म्हणा. ही हो म्हणाली. होती नव्हती ती ठेव दहा वर्षांच्या विम्यात अडकली. म्हातारीला दहा वर्षांचा विमा! त्या दिवसापासून फोन बंद.

ती आली, पण ठेवीसाठी नाही. "शेट, बँकेत इचार ना, पोर आजारी हाय का?"

गेलो. टेबलावर हात आपटला. साहेब शांतपणे म्हणाले, "ती मुलगी आमची नाही, विमा कंपनीची. माहिती द्यायला ग्राहकाची संमती आहे." आणि माझीच खूण मला दाखवली.

म्हातारीला मी सांगितलं, "पोरीचं लग्न झालं."

"बरं झालं," ती म्हणाली. त्या वर्षीची ताडपत्री तिने मी सांगितल्या भावात घेतली आणि उठून गेली.

गणपतीच्या आधी ती वारली. मुलगा आला, कुलूप लावून गेला.

यंदा एक जानेवारीला माझा फोन वाजला. आवाज नवा होता, घेतलं ते नाव म्हातारीचं. "वाढदिवसाच्या शुभेच्छा! आई आहेत का घरात? जेवल्या का?" मी ओरडणारा माणूस, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

आता फुटलाय. खूण माझी, तिचं उत्तर मी चारचौघांत देतो. पण कापड्यात एक म्हातारी एकटी जेवते, ही गोष्ट कोणी कोणाला दिली आणि कितीला दिली? साहेब, नाव सांगा. कागदावर नको, माझ्यासमोर उभं राहून तोंडाने सांगा.