गव्हावर थांबलेली कापशी

वणीजवळच्या आमच्या शेतात मागच्या हिवाळ्यात गहू ओंब्यांवर आला आणि आमच्या आधी उंदरांनीच कापणी सुरू केली. रोज सकाळी बांधाकडेची ताटं आडवी झालेली दिसायची. नवरा विषाच्या गोळ्या आणायला निघाला, तर सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्याला दारातच अडवलं. आदल्या वर्षी विष खाल्लेले उंदीर खाऊन एक कापशी बांधावर मरून पडली होती. कापशी म्हणजे पांढरीशुभ्र, काळ्या खांद्यांची, लाल डोळ्यांची छोटी घार. आबांनी तिला एकट्यानेच पुरलं होतं. हे आम्हाला त्यांनी दारात अडवलं तेव्हाच कळलं.

"उंदीर मारणारीलाच आपण मारलं," ते म्हणाले. "औंदा इख नाय टाकायचं."

गोठ्यामागे टोमॅटोचे जुने बांबू पडले होते. नवऱ्याने त्यांच्या शेंड्याला आडव्या काठ्या बांधल्या आणि ते गव्हात रोवले, पाखरांना बसायला आणि उंदरांवर नजर ठेवायला. मी आणि जाऊबाईंनी बांधावरचं गवत काढलं, बिळांची तोंडं मातीने बुजवली. दुसऱ्या दिवशी जे बीळ पुन्हा उकरलेलं दिसे, तिथे पिंजरा ठेवायचा. पिंजऱ्यात लावायला जाऊबाईंनी कांदाभजी तळून आणली, पण ती इतकी खमंग झाली होती की उंदरांच्या वाट्याला जेमतेम दोन उरली.

पिंजऱ्यात उंदीर सापडू लागले. बांबूंच्या थांब्यांवर मात्र कोतवाल, वेडे राघू असली छोटी पाखरंच बसायची. शेजारचे काका जाता-येता विचारायचे, गव्हात मांडव कुणाच्या लग्नाचा? शेतातून येताना आबांचा चेहरा पडलेला असे.

मग एका सकाळी गव्हाला पाणी भरत असताना डोक्यावर काहीतरी फडफडलं. कापशी होती. हवेत एकाच जागी पंख मारत उभी, मान खाली. पाय लोंबते सोडून ती सरळ गव्हात उतरली आणि उंदीर घेऊनच वर आली. आमच्याच बांबूवर बसून तिने तो निवांत खाल्ला. आबा पाहता पाहता ओल्या बांधावर खाली बसले. धोतर चिखलाने भरलं, त्यांना पत्ता नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"गप ऱ्हा पोरी. जेवतीय ती."

काही दिवसांत तिचा जोडीदारही आला. विहिरीकाठच्या बाभळीवर काड्या जमू लागल्या. आबांनी आपली भाकरी शेतावरच मागवायला सुरुवात केली. रात्री जेवताना ते कुस्तीच्या फडासारखं सगळं वर्णन करायचे: कशी झेप घेतली, कुठे हुकली, नराने मादीला उंदीर कसा नेऊन दिला. शेजारचे काकाही दुपारी तंबाखू मळत त्यांच्या शेजारी येऊन बसू लागले.

उंदीर पार संपले असं नाही. पण ताटं पडायची कमी झाली आणि गहू चांगला भरला. हार्वेस्टर आलं तेव्हा घरट्यातली पिल्लं उडायची बाकी होती. आबांनी चालकाला बाभळीपासून लांबूनच वळायला लावलं. उरलेला पट्टा आम्ही दोघी जावांनी विळ्याने कापला. काम चाललेलं असताना एक पिल्लू फांदीवरून सुटलं, वेडंवाकडं तरंगत विहिरीच्या कठड्यावर उतरलं आणि आमच्याकडे रागाने बघत राहिलं. जाऊबाई हसून हसून पेंढीवरच बसल्या. आबांनी मात्र टोपी सारखी केली आणि पुढचं पिल्लू कधी निघतंय ते बघायला मान वर करून उभे राहिले.