सोनुकाकीचा तळहात

सोनुकाकी हळद लावायची ती अख्ख्या तळहातानं. बोटाच्या टोकानं गालाला टिकली चिकटवून बाजूला होणाऱ्या बायकांचा तिला राग यायचा. "पोरीला हळद लावता का भिंतीला बोट पुसता गो?" असं म्हणत ती त्यांना सरकवायची, वाटीत पंजा बुडवायची आणि पाटावर बसलेल्या नवरीच्या पावलांपासून मानेपर्यंत असा हात फिरवायची की रडवेली झालेली पोर हळूहळू शांत व्हायची. तिचा हात कायम गरम असायचा, तव्यावरून आत्ताच उतरवलेल्या भाकरीसारखा. आमच्या गावातल्या लग्न झालेल्या मुलींना मांडवातलं दुसरं काही आठवो न आठवो, तो हात आठवतो.

ती आमच्या गावची धवलारीण. मुरबाडकडून म्हशाला जाताना आमचं गाव लागतं. तिथे भटजी उशिरा आला तर कुणी बोलत नाही, पण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी धवलारीण वेळेवर लागते. सोनुकाकी गाता गाता त्यात माणसांची नावं घालायची. मांडवाच्या कामात ज्यानं अंग चोरलं, त्याचं नाव हमखास यायचं. एकदा माझ्या वडिलांचं आलं. तेव्हापासून कुणाचंही लग्न असो, पाण्याचा पहिला हंडा आमचे वडील उचलायचे. मला ती लहानपणापासून सांगायची, "तुझी हळद मीच लावनार. कानामागं पन लावीन. शिकलेल्या पोरी कानामागं धूत नाय."

आणि मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. शहापूरला नोकरी लागली, खोली घेतली. मग गावातल्या बायका दवाखान्यात यायच्या तेव्हा मला सोबत न्यायच्या. चिठ्ठी वाचायला, डॉक्टरांशी बोलायला. एक दिवस सोनुकाकी आली. म्हणाली, "चल गो, गुडघा दाखवायचाय."

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर तिनं पदर तोंडाशी धरला. "गुडघा नाय. खालती आग होतं. लई दिवस झाले. बसवत नाय, चालवत नाय, नि कोनाला सांगवत नाय."

डॉक्टर पडद्याआडून तपासून आले आणि हात धुता धुता म्हणाले, "हर्पीस असू शकतो. तपासण्या करू." हा काय असतो, असं काकीनं विचारलं. त्यांनी लिहिता लिहिता सांगितलं की हा नवऱ्याकडून येऊ शकतो, अंगातून पुरता जात नाही, एकाचा दुसऱ्याला लागतो. 'असू शकतो' आणि 'तपासण्या करू' हे काकीच्या कानात शिरलंच नाही. नवऱ्याकडून येतो, जात नाही, लागतो, एवढंच तिनं घरी नेलं.

त्याला कारण होतं. काका पुष्कळ वर्षं कसाऱ्याला हायवेवरच्या ढाब्यावर कामाला होते. घरी क्वचित यायचे. तिथे कुणी बाई आहे असं गावात बोललं जायचं. काकीनं कधी विचारलं नाही. पाठीनं दगा दिल्यावर ते कायमचे घरी आले तेव्हाही नाही. आता न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच अंगावर उठलंय, असं तिला वाटलं.

रिपोर्ट आला. मी तिला समोर बसवून वाचून दाखवला. "निगेटिव्ह. म्हणजे नाही. काकी, तुला हर्पीस नाही."

"नाय तर आग कसली?"

"दुसरं काही असेल."

"कागद निगेटिव्ह, पन आग पॉझिटिव्ह हाय त्याचं काय?" असं म्हणून ती स्वतःच हसली. हसता हसता पदराआड गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तिच्या हट्टापायी काकांचीही तपासणी झाली. ते शिव्या देत आले आणि मान खाली घालून गेले. तेही निगेटिव्ह. "घ्या," काकी मला म्हणाली, "हा पन साफ. मंग मीच कुठं गेलती काय?"

गावात मात्र तिचा गुडघाच दुखत होता. बायकांनी निरगुडीचा पाला आणून दिला, तेलं दिली. ती पाला इमानदारीनं बांधायची आणि लंगडायची. कधी कधी पाय चुकायचा. "काल तर डावा दुखत होता," शेजारीण म्हणायची. "आज त्याची सुट्टी हाय," काकी सांगायची. आम्हा दोघींत तो परवलीचा शब्द झाला. फोनवर मी विचारायची, "गुडघा कसा आहे?" ती म्हणायची, "हाय तसाच." पण याच गुडघ्याचं निमित्त करून तिनं पाटाजवळ बसणं सोडलं. धवले कुडाआडून म्हणायची, हळदीची वेळ झाली की उठून परसात जायची. बायका म्हणू लागल्या, सोनूला आता भाव चढलाय. तिचा तांब्या वेगळा, साबण वेगळा, लुगडं वाळत घालायची तारसुद्धा सगळ्यांपासून लांब. काकांचं ताटही ती लांबूनच सरकवायची.

मी तिला कल्याणला एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पुन्हा तपासणी केली. पुन्हा निगेटिव्ह. मग त्यांनी विचारलं, "मावशी, धुता कशानं?"

काकीनं कौतुकानं सांगितलं. कडुलिंबाचा उकळता काढा, तुरटी, वर जंतू मारायचं औषध टोपणभर. आग झाली की धुवायचं. धुतलं की आग व्हायची.

बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "वयानं तिथली कातडी कोरडी झालीय आणि तुम्ही ती धुऊन धुऊन सोलून काढलीय. हा हर्पीस नाही. हे सगळं बंद करा. साधं पाणी नि मी देते ते मलम, बास."

"मंग माझे हातानं पोरींना काय व्हनार नाय ना? मी हळद लावते."

"हर्पीस असता तरी हळद लावून तो कुणाला झाला नसता."

काकीनं मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. एसटीत खिडकीजवळ बसल्यावर ती म्हणाली, "डाक्टरीन चांगली हाय. पन माझे पुढं पाटावर तिची पोर नाय ना बसलेली."

मलमानं आग कमी झाली. काही दिवस नसायचीच. काही दिवस परत यायची, आणि आली की तो पहिल्या दिवशीचा शब्दही यायचा. मी रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवले. माझ्या शिक्षणानं खूप गोष्टी झाल्या, पण एका बाईच्या मनातला एक शब्द तेवढा पुसला गेला नाही.

मग माझं लग्न ठरलं. हळदीला मी पाटावर बसले. कुडाआडून काकीचा आवाज येत होता. आईनं हाक मारली, "सोनू, ये गो. पोरीला कबूल केलंस ना? हात लाव." सगळ्या बायका तिकडे बघायला लागल्या. धवला थांबला. मग काकी आत आली. येता येता तिनं मांडवाच्या डहाळीची आंब्याची पानं खुडली होती.

"आज पानानं लावनार," ती मोठ्यानं म्हणाली. "हिचं लगीन शिकलेलं हाय. जरा साजरं व्हायला नको?"

बायका हसल्या. तिनं पानाचं टोक हळदीत बुडवलं आणि माझ्या पावलांना, गुडघ्यांना, खांद्यांना लावलं. कानामागंही लावलं. कुठेही तिचं बोट लागलं नाही. पान गार होतं. मला राहवलं नाही, मी तिचं मनगट धरलं आणि हात गालाशी ओढला. तिनं तो हिसकून घेतला आणि कानाशी येऊन म्हणाली, "सोड. तुला पोरंबाळं व्हायचीत."

मग लगेच उभी राहून तिनं पुढचा धवला उचलला, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत.

त्या पानानं तिला तिचं काम परत दिलं, हे मात्र खरं. त्यानंतर ती पुन्हा लग्नांत पाटाजवळ बसायला लागली, पानं घेऊन. "बघ युगत कशी काढली," असं मला फोनवर म्हणाली तेव्हा तिचा आवाज कितीतरी दिवसांनी हलका होता. मी बरं केलंस म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? फोटोवाल्यांना ते पान फार आवडलं. पिवळ्या अंगावर हिरवं पान उठून दिसायचं. पोरी त्याचे रील करायच्या. शेजारच्या गावांतल्या बायकाही पानं खुडायला लागल्या.

गेल्या भादव्यात सोनुकाकी तापानं गेली. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले होते. आजूबाजूला नातेवाईक होते, म्हणून मी विचारलं, "गुडघा कसा आहे?" ती म्हणाली, "आता गुडघ्याला कोन इचारतंय?" मग मी तिचा हात धरला. या वेळी तिनं सोडवून घेतला नाही. तापामुळे असेल, तो पूर्वीसारखा गरम होता.

यंदा माझ्या भावाच्या मुलीचं लग्न झालं. हळदीला ताटात हळदीशेजारी आंब्याची पानं धुऊन, पुसून रचून ठेवली होती. माझी पाळी आली तसं शेजारच्या गावातून आलेल्या एका म्हातारीनं माझ्या हातात पान दिलं. "घे. आमच्यात हात लावत नाय. जुनी रीत हाय, सोनूबायची."

मी पान ताटात परत ठेवलं आणि वाटीत पंजा बुडवला.

"अगं अगं!" म्हातारी ओरडली. "कालेजात हेच शिकवलं काय? सोनूनं जलमभर पोरींना हात लावला नाय, नि ही बघा!"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सोनुकाकीचं गुपित होतं. मी ते गिळलं. फटकळ म्हणून मी ओळखली जाते, त्या दिवशी अडाणी म्हणून ओळखली गेले.

मी मुलीच्या पावलांपासून हात फिरवत वर आले. कानामागं लावलं. तिनं डोळे मिटले होते.

"आत्या," ती पुटपुटली, "तुझा हात किती गरम हाय गो."