आमच्या घरचा बुधवार

ह्यांच्यावर केस होती. आमच्या लिंबायत वस्तीत नळावर रांगेवरून मारामारी झाली, त्यात कोणाचं डोकं फुटलं नाही, पण सगळ्या गल्लीवर दंगलीचं कलम लागलं. हे दोन तारखांना गेले नाहीत. रात्रपाळीहून येऊन झोपले की ह्यांना उठवणं माझ्या बापाच्यानंही झालं नसतं. वकील म्हणाले, आणखी एक तारीख चुकली तर जामीन रद्द, सरळ आत.

म्हणून वकिलांनी माझ्या भावाच्या पेजरवर निरोप पाठवायचं ठरवलं. भाऊ साड्यांचा दलाल. पेजर कमरेला लावून तो मार्केटभर छाती काढून फिरायचा. त्या डबीला सगळं कळायचं आणि बोलता काही यायचं नाही. भावाचं नेमकं उलट होतं.

मंगळवारी संध्याकाळी तो निरोप घेऊन आला. इंग्रजी अक्षरं वाचून त्याने मोठ्याने सांगितलं, "दाजी, बुधवारले अकरा वाजता कोर्ट शे."

"ध्यानमा शे," असं म्हणून हे पाळीला गेले.

आता आमच्या घरची रीत सांगते. लूमवाल्याचा, म्हणजे मागावर कापड विणणाऱ्याचा, दिवस पाळी धरून चालतो. मंगळवारी रात्री सुरू झालेली पाळी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सुटली तरी ती मंगळवारचीच. भिंतीवरच्या तारखेचं पानसुद्धा आम्ही हे झोपून उठल्यावर फाडायचो.

सकाळी हे आले, भाकरी खाल्ली, आडवे झाले. मी विचारलं, "कोर्टचं काय?"

"ते बुधवारले. आज मंगयवार शे. बुधवारनी पाळी करसू आन तठूनच कोर्टमा जासू."

मी भिंतीकडे पाहिलं. मंगळवारच होता. मी पांघरूण घातलं आणि पोरं गलका करतील म्हणून दार ओढून घेतलं.

दुपारी भाऊ रिक्षातून धापा टाकत आला. पेजरवर वकिलांचे निरोपावर निरोप येत होते. आम्ही पोहोचलो तोवर ह्यांच्या नावाचा पुकारा होऊन गेला होता. न्यायाधीशांनी उशिराचं कारण विचारलं. हे खरं तेच बोलले, "साहेब, मेरा तो अभी मंगलवार चल रहा है." वकिलांनी डोळे मिटले. जामीन रद्द झाला. पोलीस ह्यांना घेऊन निघाले तेव्हा मी दारापर्यंत मागे मागे गेले.

नवा जामीन व्हायला आठवडा गेला. तो आठवडा मी धड जेवले नाही. मारत असतील, उपाशी ठेवत असतील, नाही नाही ते मनात यायचं.

हे सुटून बाहेर आले तेव्हा डोळे पांढरेशुभ्र होते. गालावर तुकतुकी होती. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांचे डोळे लाल नव्हते.

"मारलं का?" मी विचारलं.

"नही वं," हे म्हणाले. "रोज रातले झोपू देत."

मला इतकं रडू आलं की भावाला वाटलं, आनंदाने रडते आहे. हे त्याच रात्री पाळीला गेले.