कितव्या पानावर?

ज्या गोष्टीला पान क्रमांक नाही, त्या गोष्टीवर काकांचा विश्वास नव्हता. शहाडच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात ते रंगखात्याचे प्रमुख, आणि मी त्यांच्या नव्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरची माहिती लिहिणारा, ठाण्याच्या ऑफिसातला विद्वान. "काका, सगळं वेबसाइटवर आहे," असं मी म्हटलं, की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "कितव्या पानावर?"

त्यांचंही खरंच होतं. रंगखात्यात नेटवर्क येत नसे आणि मोबाइल गेटवर जमा करावा लागे. शिवाय चार महिन्यांनी काका निवृत्त होणार होते. "मी कोपरीला घरी बसल्यावर ही माणसं अडली तर कोणाला विचारतील? तुला? तू फोन उचलतोस?"

मी उचलत नसे.

"मग छापून आण."

छापायचं म्हणजे काय, एक बटण! मी सगळी वेबपानं प्रिंटरला दिली, डोंबिवलीला घराजवळ स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि ग्रंथप्रकाशनाच्या थाटात ते बाड काकांच्या हाती ठेवलं. त्यांनी पहिलं पान मोठ्यानं वाचलं, "यंत्र मध्येच थांबल्यास काय करावे?" खाली काहीच नव्हतं. वेबसाइटवर प्रश्नावर क्लिक केलं की खाली उत्तर उघडायचं. मी ते न उघडताच छापलं होतं. दीडशे पानं, नुसते प्रश्न! काकांनी अख्ख्या खात्यादेखत कागदावर बोट टेकवलं. "दाबलं रे. उघडत नाही."

"काका, जोरात दाबा!" शेजारचा ऑपरेटर म्हणाला.

दुसऱ्या खेपेला उत्तरं आली, पण रुंद तक्ते कागदात मावले नाहीत आणि उजवीकडचा तापमानाचा रकाना कापला गेला. मला ते दिसलंही नाही. काकांना दिसलं. "कापड किती डिग्रीला रंगवायचं, ते काय तुझ्या टेबलावर राहिलं? तुझी चूक झाली तर वेबसाइट बदलता येते. कापडावर बसलेला रंग नाही निघत." मी चूक कबूल केली. हे ऑफिसात अजून कोणाला खरं वाटत नाही.

तिसरी प्रत आम्ही दोघांनी मिळून केली. म्हणजे मी छापली आणि त्यांनी ओळ न् ओळ वाचली. जिथे जिथे माझं "येथे क्लिक करा" राहून गेलं होतं, तिथे त्यांनी पेन्सिलीनं पान क्रमांक घातला.

काका निवृत्त झाले. कारखान्यातून मला एकही फोन येईना. पुस्तक असं लिहावं लागतं, असं मी ऑफिसात सांगत सुटलो. परवा शहाडला गेलो, तेव्हा रंगानं माखलेली ती प्रत कौतुकानं चाळली. शेवटच्या पानावर माझं वाक्य होतं, "अधिक मदतीसाठी येथे क्लिक करा." त्याखाली पेन्सिलीनं काकांच्या घरचा नंबर, आणि पुढे : "दुपारी दोन ते चार झोपतो. बाकी कधीही."

सव्वातीन वाजले होते. गेटबाहेर दोन चहा घेऊन मी चार वाजवले आणि फोन लावला.

"काका, मी बोलतोय."

"बोल. कितव्या पानावर अडलास?"